पोत्यांमागची ओल

मित्रांनो, देवणीच्या वीरण्णांच्या घरी, बियाण्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेला मी एक जुना सेन्सर आहे. हवेतली उष्णता आणि ओल सांगणे एवढेच माझे काम. पण पहिल्या दिवसापासून माझ्याकडे संशयानेच पाहिले गेले. खरे सांगायचे तर मीही इथे सगळ्यांकडे तसाच पाहतो.

वीरण्णांची सून रुद्राणी हिने मला आणले. पेरणीसाठी राखलेल्या सोयाबीनला ओल लागली तर ते उगवणार नाही, ही तिची काळजी. त्या वर्षीच्या दुष्काळात दुसरे बियाणे मिळणार नव्हते. तिने माझ्या तीन तारा तळहाताएवढ्या संगणकाला जोडल्या. दोन विजेच्या आणि तिसरी माझे म्हणणे पोचवणारी. पडद्यावर आकडे उमटले आणि मी हरखून गेलो.

थोड्याच दिवसांत ओलीचा आकडा चढू लागला. वीरण्णा भडकले.

"नवा जिल्हा होणार म्हणतेत, पाऊस येणार म्हणतेत, आता हे डबडं म्हणतंय हवा ओली! प्यायला पाणी न्हाई, ओल कुठून येती? तारा चुकल्यात तुझ्या. काढून फेक."

रुद्राणीचे तोंड उतरले. सासूबाई बसम्मा मात्र लगेच म्हणाल्या, "हाव, फेकच." एवढी घाई कशाला? मला तेव्हाच वहीम आला.

"मामा, फेकायच्या आधी एकदा अंगणात नेऊन बघते," रुद्राणी म्हणाली. अंगणात आकडा घसरला. आत आणल्यावर हळूहळू पुन्हा चढला. म्हणजे ओल खोलीतच होती. वीरण्णांनी पोती बाजूला ओढली. मागे मातीच्या घागरी पाझरत होत्या.

बसम्मांना रडू फुटले. "सोमवारी जंगमस्वामी येणार. त्यांचे पाय धुवायला माझ्या वाटणीचं पाणी वाचवून ठेवलं. बाहेर ठेवलं असतं तर तुम्ही राहू दिलं असतं का?"

घागरी वीरण्णांनी स्वतः उचलून देवघरात नेल्या. सोमवारी त्याच पाण्याने स्वामींचे पाय धुतले गेले. पुढे पाऊस झाला आणि सोयाबीनही उगवले.

नंतर बसम्मा मला देवासारखे भस्म लावायला आल्या, तेव्हा रुद्राणीने त्यांचा हात धरला. "आत्याबाई, ह्याच्या तोंडावरची जाळी बुजली तर हे खोटं बोलंल." बसम्मांनी हात मागे घेतला आणि पदराने माझ्यावरची धूळ हलकेच झटकली.

मित्रांनो, मला धुळीपासून जपा. आणि नको ते ऐकवले म्हणून माझ्या तारा उपटण्याआधी, एकदा पोत्यांमागे बघा.