छप्पर उतरवलेलं चॅपेल

जमीन मोजणीच्या कचेरीतून निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली, तरी लोक त्यांना नकाशेवालेच म्हणत. म्हणणारे तरी आता कितीसे उरले होते! बायको गेली, सोबतचे गेले. दूधवालासुद्धा पिशवी कडीला अडकवून न बोलता निघून जायचा. त्यामुळे त्या सकाळी दारावर थाप पडली, तेव्हा म्हातारबुवांनी आधी धुतलेला सदरा चढवला आणि मग दार उघडलं.

साठीची एक अनोळखी बाई उभी होती.

"दादा, जुनं चॅपेल कुठं होतं हो? मोठं चर्च व्हायच्या आधीचं. माझी आई त्याच्या फरशीखाली आहे. एकदा तिथं गुडघे टेकायचेत. फादर नवे, त्यांना ठाऊक नाही. नकाशात तर नुसती मोकळी जागा."

ती मोकळी जागा नकाशेवाल्यांच्याच हातची होती. कचेरीचा नियम असा, की छप्पर नाही तर इमारत नाही. आता नशीब बघा! पहिल्यावहिल्या ख्रिस्ती घरांनी स्वतः दगड वाहून बांधलेलं ते चॅपेल दोनशे वर्षं उभं राहिलं, आणि नेमकं मोजणीच्या वर्षी वाळवी लागलेले वासे बदलायला त्याचं छप्पर उतरवलेलं. ऊन मी म्हणत होतं. आपल्या या नकाशेवाल्या साहेबांनी रस्त्यावरूनच उघड्या भिंती पाहिल्या आणि पुढे गेले. आत डोकावले नाहीत, मोजणीची साखळीही टाकली नाही. कागदावर मोकळी, म्हणून जागा गोदामाला मिळाली; भिंतींचे दगड गोदामाच्या पायात गेले. नियमावर बोट ठेवलं की पाप लागत नाही म्हणतात. लागतं हो, चांगलं लागतं.

"दारापासून आत सरळ अकरा पावलं," बाई सांगत होती. "आईला ठेवलं तेव्हा मी सात वर्षांची होते. मोजून ठेवली होती. मग मामाकडे गेले, ती आज आले. पावलं आहेत माझ्याकडे, दार तेवढं नाही."

माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण किती वर्षांनी कुणीतरी त्यांना काही विचारत होतं.

"चला," ते म्हणाले.

गोदामही पाडून झालं होतं. सपाट मातीवर नकाशेवाले उगाच इकडेतिकडे फिरले, कपाळाला आठ्या घातल्या आणि मन मानेल तिथं काठी टेकली.

"इथं होतं दार."

बाईने चपला काढल्या. लहान मुलीएवढी पावलं टाकत ती अकरा मोजत गेली, खाली बसली आणि मातीवर हात ठेवून म्हणाली, "आई, मी आले गं."

खरं सांगायला नकाशेवाले दोन पावलं पुढे झाले, आणि तिच्या चपला तेवढ्या सरळ करून मागे आले.

बऱ्याच वेळाने ती उठली. चेहरा ओला होता, पण शांत. तिने त्यांचे दोन्ही हात धरले.

"बरं झालं दादा, तुम्ही होतात. जगात तुम्हा एकालाच माहीत होतं."