कोच व्हिटकॉमचा सापळा

कोच ओरिन व्हिटकॉमने मैदानाभोवती उंच ताडपत्री ताणली तेव्हा अ‍ॅशकॉम गावाला वाटलं की कॉलेजात सर्कस येतेय. सर्कस नव्हती, फुटबॉलचा सराव होता. ताडपत्रीला कुठे भोक पडलंय का, हे कोच रोज सकाळी स्वतः फिरून बघे. मागच्या रस्त्याने दूधवाल्याची गाडी जायची, तिला त्याने दुसरा रस्ता धरायला लावला. चर्चच्या मनोऱ्यातून मैदान दिसतं म्हणून मनोऱ्याला कुलूप लावा, अशी विनंती घेऊन तो पाद्रीबाबांकडेसुद्धा जाऊन आला.

"अरे ओरिन, मग घंटा वाजवायची कोणी? देवाने?"

"सराव संपेपर्यंत देव थांबेल की, पाद्रीबाबा."

"देव थांबेल रे. रोज घंटेवर प्रार्थनेला येणारी म्हातारी मिसेस ओग्डेन थांबणार नाही."

माणूस जन्मतः असा नव्हता. कॉलेजात असताना मोडक्या खांद्याने अख्खा सामना खेळलेला गडी तो. पुढे पश्चिमेकडच्या एका कॉलेजात कोच झाला, आणि तिथे त्याच्याच खोलीत राहणाऱ्या, त्याच्याच ताटात जेवणाऱ्या मदतनीस मित्राने मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी संघाचे खुणेचे आकडे विकले. ती नोकरी गेली. तेव्हापासून व्हिटकॉम गावामागून गाव आणि कॉलेजामागून कॉलेज बदलत राहिला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमचा कोच पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला.

आणि आकडे म्हणजे या खेळाचा जीव. आमचा फुटबॉल पायांचा कमी आणि खांद्यांचा, नाकाच्या हाडांचा जास्त. चेंडू पोटाशी धरून समोरच्या भिंतीसारख्या पोरांतून घुसायचं. क्वार्टरबॅक आकडे ओरडतो, त्यावरून आपल्या पोरांना कळतं की चेंडू डावीकडून जाणार की उजवीकडून. ते समोरच्यांनाही कळलं, तर घुसणारा पोरगा थेट सात जणांच्या मिठीत.

१९०३च्या त्या मोसमात हेच चाललं होतं. आपला पोरगा जिकडे वळणार तिकडे समोरचे आधीच उभे. कोचने आकडे बदलले. पुन्हा बदलले. पालथ्या घड्यावर पाणी. एकामागून एक सामने गेले, आणि विश्वस्तांनी त्याला बोलावून स्पष्ट सांगितलं, "थँक्सगिव्हिंगच्या सणाला ड्रेटन कॉलेजला हरवा, नाहीतर दुसरं गाव बघा."

दुसरं गाव! त्याच्या बायकोने, हॅटीने, लग्नानंतर पहिल्यांदाच दारात द्राक्षाचा वेल लावला होता. याआधी फळ धरेपर्यंत ते कुठल्या गावात टिकलेच नव्हते.

"ओरिन, तुझे आकडे विकायला कुणाला पडलंय?" ती म्हणाली. "तू हल्ली माझ्याकडेही असा बघतोस, जसं काही मी मीठ चोरून विकते."

"मी कुठे काय म्हटलं?"

"म्हणायला कशाला लागतं?"

त्याने एकेकाला मनात उभं करून बघितलं. धोबीण? तिला आकडे कळत नाहीत. क्वार्टरबॅक क्लेम? तो हॅटीचा भाचा, आणि त्याला स्वतःच्या बुटाची नाडी बांधायची आठवण राहत नाही, तो काय विकणार? फिरून फिरून नजर थांबली ती अँटन ह्रूबेकवर. अँटन हाफबॅक, म्हणजे चेंडू घेऊन घुसणारा गडी; स्लोव्हाक खाणकामगाराचा मुलगा, कमी बोलणारा, बैलासारखा खेळणारा. संघात होता म्हणून कॉलेजात फी माफ होती आणि जेवण मिळत होतं. संघ सुटला तर इंजिनिअरिंगची पुस्तकं मिटायची आणि बापामागून खाणीत उतरायचं. हा पोरगा दर रविवारी रेल्वेने कुठे जायचा? ड्रेटनला. कोचच्या मनात पाल चुकचुकली, आणि मग ती थांबेचना.

कॉर्बिन कॉलेजशी सामना होता, त्याच्या आदल्या दिवशी त्याने अँटनला एकट्याला ताडपत्रीआड बोलावलं.

"उद्या चेंडू पहिल्यांदा आपल्याकडे आला की चाल डावीकडून. अगदी टोकाकडून. चेंडू तुला. कुणाला बोलायचं नाही."

"नाही बोलणार, सर."

बाकीच्यांना त्याने हे खेळ सुरू व्हायच्या क्षणी सांगितलं. सापळा चोख होता. सामन्यात चेंडू आपल्याकडे आला तसा कोच रेषेच्या कडेने भराभर चालत डाव्या टोकाशी गेला आणि डोळ्यांत तेल घालून बघत उभा राहिला. बोलायची सोय नव्हतीच. खेळ चालू असताना कोचने बाहेरून चकार शब्द काढायचा नाही, असा नियम. आकडे ओरडले गेले आणि कॉर्बिनची पोरं धावली ती सगळी डावीकडे. अँटन त्यांच्या ढिगाखाली दिसेनासा झाला.

कोचला इतका राग आला, आणि खरं सांगायचं तर इतका आनंद झाला, की सामना हरल्याचं त्याला दुःखच झालं नाही. सोमवारी त्याने सगळा संघ उभा केला.

"ह्रूबेक, जर्सी काढ."

"सर?"

"काढ म्हटलं ना! दर रविवारी ड्रेटनला कशाला जातोस?"

"बहिणीकडे. तिला बाळ झालंय."

"बाळ! मग बाळाला आकडे शिकवत असशील."

पोरं हसली. जी हसली नाहीत त्यांनी माना खाली घातल्या.

"आईची शपथ, सर, मी कुणाला—"

"ती चाल तुला एकट्याला ठाऊक होती. एकट्याला! आता शपथा कसल्या खातोस?"

अँटनने जर्सी काढली, गार वाऱ्यात उभं राहून तिची नीट घडी घातली आणि बाकावर ठेवली. आठवड्याच्या आत तो खाणीत गेला. गावाने बाकीचं काम केलं. खाटकाच्या दुकानात त्याच्या आईला सगळ्यात शेवटी मांस मिळू लागलं, आणि वाटेत पोरं तिला "फितुराची आई" म्हणून ओरडू लागली. लोक कोचला म्हणत, "तुमची नजर म्हणजे नजर हं!" तोही मान हलवी.

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ड्रेटनचा संघ आला. फितूर गेला होता, आकडे नवे कोरे होते, आणि तरीही पहिल्या अर्ध्यात ड्रेटनची पोरं नेमकी तिथेच उभी. कोचच्या अंगाला थंडीत घाम फुटला. म्हणजे दुसराही कुणी आहे? क्लेम? धोबीण? हॅटी? तो रेषेवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला येरझारा घालत राहिला.

दुसरा अर्धा सुरू झाला तसा पंच त्याच्याकडे आला. पंच ल्यूकन्स पेशाने वकील, हसला तर दात दुखतील असा माणूस.

"मिस्टर व्हिटकॉम, रेषेवर तुमचं काय काम? दोरीच्या बाहेर व्हा."

"मी तोंडातून एक अक्षर काढलेलं नाही!"

"म्हणूनच अजून विनंती करतोय."

तेवढ्यात पलीकडून ड्रेटनचा कोच बेनेडिक्ट धावत आला. "असू द्या हो, पंच! कडाक्याची थंडी पडलीय, माणूस पाय मोकळे करतोय. आमची काही हरकत नाही. आम्हाला उलट आवडतं ते!"

"नियमाला तुमची आवड विचारलेली नाही," पंच म्हणाला आणि कोचला दोरीबाहेर, घोडागाड्यांच्या मागे पाठवून दिलं.

तिथून मैदान दिसत नव्हतं. घोड्यांची ढुंगणं दिसत होती. कोच धुमसत उभा राहिला, आणि मग त्याच्या जुन्या सवयीप्रमाणे त्याला शंका आली. हा बेनेडिक्ट! इतक्या वर्षांत ज्याने कधी नीट रामराम केला नाही, त्याला माझ्या पायांची एवढी काळजी का? मी रेषेवर राहावं म्हणून हा धावत का आला?

पलीकडून क्लेमचा आवाज आला. आकडे. कोचला कळलं, उजवीकडून. आणि त्याचा उजवा पाय आपोआप पुढे पडला, मग डावा, मग पुन्हा उजवा. तो उजवीकडे चालू लागला होता. एका घोड्याला धडकला तेव्हा थांबला. त्याच क्षणी मैदानावर असा गलका उठला, जो त्या मोसमात कुणी ऐकला नव्हता. आपला पोरगा उजवीकडून मोकळा सुटला होता. तिथे ड्रेटनचं कुणीच नव्हतं.

कोच आपल्या बुटांकडे बघत राहिला. पुढचे आकडे आले, डावीकडचे, आणि पाय पुन्हा निघाले. त्याने घोडागाडीचं चाक दोन्ही हातांनी धरलं. मग त्याला कॉर्बिनचा सामना आठवला. चाल सुरू व्हायच्या आधी डाव्या टोकाशी जाऊन कोण उभं राहिलं होतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा. पलीकडे लोक त्याच्या नावाचा जयजयकार करत होते.

सामना जिंकल्यावर बेनेडिक्ट हात मिळवायला आला, हसत हसत. "पंच आडवा आला रे, नाहीतर तुझ्या पायांनी आजही आम्हालाच जिंकवलं असतं. सगळ्या कोचांना ठाऊक आहे. तुला तेवढं सांगायचं कुणी?"

कोच तसाच निघाला तो खाणकामगारांच्या वस्तीत. दार अँटनच्या आईने उघडलं. आत कोबीचं सूप उकळत होतं, आणि अँटन मानेवरची कोळशाची काजळी घासून काढत होता. कोचने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

अँटनने टॉवेल खाली ठेवला. "हे मला कशाला सांगताय, सर? मी केलं नाही हे मला ठाऊकच आहे. काढलंत सगळ्यांसमोर, सांगा सगळ्यांसमोर."

"चल. आत्ता. सगळे जेवायला जमलेत."

"आणि खाटकालाही सांगा, मास्तर," आई म्हणाली, आणि पोराचा कोट झटकून द्यायला आत गेली.

कॉलेजच्या सभागृहात सणाची भाजलेली टर्की कापून झाली होती. कोच आत शिरताच सगळं सभागृह उभं राहिलं. अँटन दाराशीच थांबला. कोचने हात वर करून लोकांना गप्प केलं आणि सांगितलं: फितूर कुणी नव्हता. मीच होतो. माझे पाय. ह्रूबेक निर्दोष आहे, आणि त्याची जागा त्याला परत मिळाली पाहिजे.

विश्वस्त प्रुइट खाकरला. "पायांकडे बघून चाल ओळखतात? काय सांगतोस, ओरिन!"

"ड्रेटनच्या बेनेडिक्टला विचारा! तो स्वतः म्हणाला."

"अच्छा, म्हणजे ड्रेटनचा कोच या पोराच्या बाजूने साक्ष देतो?" प्रुइटने चहूकडे बघितलं. "अरे, स्वतःच्या हेरासाठी साक्ष कोण देणार नाही?"

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "कोच, तुम्हीच तर शिकवलंत, गोड बोलणाऱ्यावर आधी नजर ठेवायची म्हणून!"

"मी खरं सांगतोय!" कोच ओरडला. "देवाशपथ खरं!"

प्राचार्य मेरिल डोळे पुसत उठले. "मित्रहो, विजयाच्या दिवशी या माणसाने एका गरीब पोराचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतलंय. असा कोच आपण जाऊ देणार आहोत का?"

टाळ्यांनी छत दणाणलं. कोच जितका नाही नाही म्हणून हात हलवत होता, तितक्या त्या वाढत होत्या. हॅटीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने नवऱ्याचा चेहरा बघितला होता, आणि तिला रडू येत होतं. क्लेम ताटातल्या बटाट्याशी खेळत बसला होता.

प्राचार्य दाराकडे वळून मोठ्याने म्हणाले, "पोरा, या माणसाचे उपकार जन्मभर विसरू नकोस."

अँटनने कोचकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर कोचला बरं वाटलं असतं. पण अँटन त्याला नीट निरखत होता. हेही आधीच ठरवून केलेलं नाटक आहे की काय, ते तपासत होता. मग त्याने टोपी डोक्यावर ठेवली.

"अँटन, थांब! मी—"

गर्दीने कोचला उचलून खांद्यावर घेतलं. त्या उंचीवरून त्याला दार स्पष्ट दिसलं. अँटन बाहेर पडायला वळला, तशी दाराजवळ बसलेल्या प्राचार्यांच्या बायकोने शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली, आणि तो पायऱ्या उतरून जाईपर्यंत तिच्यावरचा हात काढला नाही.