भट्टीत काहीतरी दिसायला हवं

आमचे धाकटे भावजी एका परिषदेला जाऊन आले आणि तेव्हापासून त्यांना धंद्याला धंदा म्हणायची लाज वाटू लागली. आता ते 'बिझनेस मॉडेल' म्हणत. त्यांच्या बायकोनेच मग त्यांचं नाव 'परिषद' ठेवलं.

मॉडेल मात्र बरं होतं, हे मान्य करायला हवं. आमच्या कारखान्यात ट्रकचे ॲक्सल घडवतात. लोखंड तापवायला भट्टी, भट्टीला गॅस. आता गॅसऐवजी, वाऱ्याच्या विजेवर पाण्यातून काढलेला हायड्रोजन जाळायचा. तो महाग. म्हणून ट्रकच्या कंपनीने बरीच वर्षं चढ्या भावाने माल घ्यायचा करार करायचा, आणि त्या कराराच्या भरवशावर हायड्रोजनवाल्याने आमच्या दारापर्यंत नळ टाकायचा. करार नाही तर नळ नाही.

आमच्या ह्यांनी बर्नर बदलले, चाचणीपुरत्या टाक्या मागवल्या आणि भट्टी खरोखर हायड्रोजनवर चालवली. त्या दिवशी हे घरी आले ते गुणगुणत. इतक्या वर्षांच्या संसारात, हे गातात हे मला ठाऊकच नव्हतं.

ट्रकच्या कंपनीच्या बाई पाहणीला येणार त्या सकाळी मीही कारखान्यात होते. भावजींनी भट्टीच्या झरोक्यातून डोकावून पाहिलं.

"दादा, ज्वाळा कुठाय?"

"आहे की. हायड्रोजनची दिसत नाही."

"मग पाहुण्यांना काय दाखवू? रिकामी भट्टी?"

"तापलेलं लोखंड दाखवा," मी म्हटलं.

"वहिनी, प्रेझेंटेशन हा वेगळा विषय आहे."

आणि त्यांनी एका बर्नरला जुना गॅस सोडायला लावला. हे म्हणाले, "अरे, पण..." ह्यांची सगळी वाक्यं तिथेच संपतात. भावजींची तिथून सुरू होतात.

बाई आल्या. वाकून बघितलं.

"ही पिवळी ज्वाळा कसली?"

"छान आहे ना?"

"गॅसची आहे."

"थोडासाच, मॅडम. दिसायला बरं म्हणून. बाकी शंभर टक्के हायड्रोजन."

"थोडासा गॅस, आणि शंभर टक्के," बाई म्हणाल्या. त्यांना हसूही आलं नाही.

ह्यांनी पुढे होऊन गॅस बंद केला. ज्वाळा गेली, लोखंड तसंच लाल राहिलं. बाईंनी पुन्हा वाकून बघितलं.

"तुमचं खरंही असेल," त्या ह्यांना म्हणाल्या. "पण ॲक्सल कशावर तापला ते ॲक्सलवरून कळत नाही. चढा भाव आम्ही देणार तो तुमच्या शब्दाला."

करार दुसऱ्या कारखान्याला गेला. नळही तिकडेच वळला. टाक्या परत गेल्या आणि ह्यांनी जुने बर्नर स्वतःच्या हातांनी पुन्हा बसवले.

भावजी सध्या आणखी एका परिषदेला गेलेत. विषय, 'ग्राहकाचा विश्वास'. ऐकायला नाही, बोलायला.

भट्टीत आता पिवळी ज्वाळा झकास दिसते. हे तिच्याकडे पाठ करून काम करतात.