मधूचं जांभूळ

हिंदुरावाला झाडांचा लळा कधीच नव्हता. आवारातले दोन आंबे त्याने उल्हासनगरच्या वखारवाल्याला देऊन टाकले, तेव्हा त्याची बायको अंजनी धड जेवली नाही, पण याला घास गोड लागला. असा माणूस २००६च्या उन्हाळ्यात इस्त्रीचा सदरा घालून पालिकेच्या उद्यान विभागात जातो आणि एका झाडाचा जीव वाचवा म्हणून सांगतो, तेव्हा त्यामागे झाड नसतं, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यामागे मधू होता.

मधू त्याचा चुलतभाऊ, वयाने धाकटा. दोघं राहायला चामटोलीत आणि दोघांची भातखाचरं बदलापूरच्या अंगाला, रस्त्यालगत, शेजारीशेजारी. मध्ये फक्त बांध. शहर वाढत वाढत तिथवर आलं. खाचरं पालिकेच्या हद्दीत होतीच. एका बिल्डरने मधूच्या जागेवर इमारत उभी करायचं ठरवलं आणि तिला मधूच्या बापाचं नाव दिलं, 'धोंडिबा हाइट्स'. तो बोर्ड लागला त्या दिवसापासून हिंदुरावाच्या पोटात जे दुखायला लागलं, ते ओव्याने थांबेना.

मधूचं सगळंच त्याला खुपायचं. मधूला अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी लागली, याला दारातून परत पाठवलं. मधूच्या घरी मिक्सर आला, तर याच्या घरी पाटा-वरवंटा मुद्दाम जोरात वाजायचा. आता तर धोंडिबाकाकाचं नाव मेल्यावर चार मजले चढणार होतं आणि याच्या बापाचं नाव घरातल्या फोटोखालीच राहणार होतं. बिल्डर याच्याकडेही येऊन गेला होता, नाही असं नाही. पण त्याचं म्हणणं, आधी मधूशेठचं होऊ दे, मग तुमचं बघू. मधूला कुणी शेठ म्हणावं हेच हिंदुरावाला झोंबलं. अंजनी म्हणायची, दुसऱ्याच्या ताटात बघत जेवलं की आपलं गार होतं. पण ती मधूच्या घरून आलेली भाजी आवडीने खायची, म्हणून तिचं मत या घरात धरत नसत.

इमारतीच्या नकाशात बांधालगतचं जुनं जांभूळ तोडायचं दाखवलं होतं. दोघांच्या कवेत मावणार नाही असं झाड. सगळं गाव त्याला 'मधूचं जांभूळ' म्हणायचं, आणि त्याच्या आधी 'धोंडिबाचं जांभूळ' म्हणायचं. झाड तोडायचं तर पालिकेची परवानगी लागते, म्हणून खोडावर नोटीस लागली, कुणाची हरकत असेल तर कळवा. हिंदुरावाने ती वाचली आणि त्याला बऱ्याच वर्षांनी भूक लागली. हरकत आली की पाहणी, पाहणी झाली की सुनावण्या, आणि सुनावण्यांत बिल्डर कंटाळून पळतात, एवढं त्याला ठाऊक होतं. धोंडिबाकाकाला जमिनीवरच ठेवायचं तर हे झाड उभं राहिलंच पाहिजे. त्याने हरकत लिहून दिली. झाड निरोगी आहे, पाखरांचं घर आहे, ते तोडू नये, असं खाली सहीसकट.

पाहणीला पालिकेकडून भावना नावाची बाई आली. अंबरनाथच्या बुवापाड्यातली, झाडांचं शिकलेली, उन्हात न कुरकुरणारी. सोबत टेप धरायला एक माणूस. तोवर चामटोलीतले निम्मे लोक तमाशा बघायला जमले होते. मधू सुट्टी टाकून आला होता आणि बिल्डर गाडीला टेकून उभा होता. भावनाने झाड बघितलं, बांध बघितला, पुन्हा झाड बघितलं आणि हिंदुरावाला जवळ बोलावलं.

"काका, तुम्ही ज्या झाडासाठी हरकत घेतलीत, ते तुमच्याच बाजूला आहे."

हिंदुराव हसला. म्हणाला, हे मधूचं जांभूळ, गावात कुणालाही विचारा. मग त्याने सवयीने खाली बघितलं आणि त्याचं हसू जागच्या जागी वाळलं. बांध जांभळाच्या पलीकडे होता.

इथे बांधाविषयी सांगायला हवं. पावसाआधी बांध नीट करावा लागतो, फुटलेला भाग लिंपावा लागतो. मधूची कारखान्यात ड्युटी, म्हणून हिंदुराव त्याला म्हणायचा, तू जा कामावर, बांधाचं मी बघतो. आणि तो खरंच बघायचा. दर वर्षी आपल्या अंगाने कुदळीचा एक घाव घालायचा आणि निघालेली माती मधूच्या अंगाला लावायचा. याला आमच्याकडे बांध कोरणं म्हणतात, आणि करणारा तो इतक्या बेताने करतो की भाताच्या रोपालाही कळत नाही. हिंदुरावाच्या बेताला तर तोड नव्हती. जांभूळ आधी मधूच्या शेतात होतं, मग बांधात आलं, मग बांधाबाहेर पडलं, आणि खुद्द कोरणाऱ्याच्याही ते ध्यानात आलं नाही.

भावना म्हणाली, झाड मधूचं असेल तर बांध चुकीच्या जागी असला पाहिजे. तसं असेल तर सरकारी मोजणी मागवू, म्हणजे वादच मिटेल. मोजणी झाली तर झाड मधूचं ठरणार, इमारत अडणार, त्याला हवं होतं ते सगळं होणार. फक्त त्यासाठी अख्ख्या गावादेखत तो बांधकोऱ्या ठरणार होता. हिंदुरावाने गर्दीकडे बघितलं. जो तो बांधाकडे बघत होता. खेड्यात सगळ्यांना सगळं माहीत असतं ते अशा वेळी कळतं.

"मोजनी कशाला, मॅडम?" मधू पुढे आला. "बांध दादाच दर साल नीट करतो. तो सांगंल तिथं बांध. जांभूळ त्याचंच."

मग तो हिंदुरावाच्या अगदी जवळ आला आणि त्यालाच ऐकू जाईल इतकं हळू बोलला.

"बा म्हनायचा, हे जांभूळ एक दिवस चालत चालत दादाच्या शेतात जाईल."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. हिंदुरावाने पंचनाम्यावर सही केली. झाड मधूच्या जागेत नाही म्हटल्यावर हरकत आपोआप गळून पडली. बिल्डरने इमारत चार पावलं आत सरकवली आणि दुसऱ्या पावसाळ्याआधी धोंडिबाकाका चार मजले चढून बसला.

पालिकेच्या माणसांनी जांभळाला गेरू-चुना लावून नंबर टाकला. आता ते हिंदुरावाचं जांभूळ. हिंदुरावाची जागा रस्त्याकडे बाटलीच्या तोंडासारखी अरुंद, आणि वाट अडवून बरोबर त्या तोंडात हे झाड. ठरल्याप्रमाणे बिल्डर आला, नंबर बघून गाडीतून उतरलाही नाही.

मे महिन्यात हात शिवशिवले म्हणून हिंदुराव कुदळ घेऊन बांधावर गेला. बांध नव्हता. त्याच रेषेवर सिमेंटची भिंत होती. ऊन कललं होतं आणि जांभळाची सगळी सावली भिंतीवरून पूर्वेला, मधूच्या इमारतीच्या अंगणात पडली होती. तिथे स्कूटर लावलेल्या होत्या, बायका जांभळं वेचत होत्या.

दुसऱ्या दिवशी तो भावनाकडे गेला. भिंतीपलीकडच्या फांद्या छाटायच्या आहेत म्हणाला. तिने जुन्या हरकतीची आठवण करून दिली. झाड निरोगी आहे हे तुम्हीच लिहून दिलंय, विनाकारण छाटता येणार नाही. दारापर्यंत जाऊन त्याने मागे वळून विचारलं, मग सावलीचं काही करता येतं का?

"झाड तुमच्या नावावर आहे, काका," ती म्हणाली. "सावली कुणाच्या नावावर करता येत नाही."

तो परतला तेव्हा दुपार टळली होती. मधू भिंतीपलीकडे सावलीत बसला होता. त्याने याला बघितलं, उठून दुसरी खुर्ची उघडून ठेवली आणि म्हणाला, "दादा, उन्हाचा कुठं फिरतोस? ये, बस."

हिंदुराव भिंतीच्या अलीकडे, आपल्या झाडाशेजारी, उन्हातच उभा राहिला.