हंगामी डीन

सभागृहाशेजारच्या खोलीत डेल्फीन गॅड्सडेन भाषणाची सुरुवात मनाशी घोळवत होती. डीनपदासाठी उरलेल्या तिघांतली ती एक, आणि थोड्याच वेळात तिला सगळ्या प्राध्यापकांसमोर उभं राहायचं होतं. तेवढ्यात कुलगुरू आत आले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

"ही निवड यंदा थांबवावी म्हणतोय," ते गोड आवाजात म्हणाले. "डॉ. पेटवे हंगामी डीन व्हायला तयार झाल्यात. तू आज मोठ्या मनाने माघार जाहीर केलीस तर शोभून दिसेल. शेवटी त्याही तुमच्यातल्याच ना!"

'तुमच्यातल्या' म्हणजे काळ्या, हे डेल्फीनला कळलं. अर्नेस्टीन पेटवे? त्यांनीच तर तिला हा अर्ज करायला लावलं होतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात बैठकीत कुणीतरी तिला कॉफी आणायला सांगितलं, तेव्हा "त्या प्राध्यापक आहेत, कॉफी तिकडे आहे" असं ठणकावणाऱ्या त्याच. दर रविवारी चर्चहून आल्यावर मक्याचा पाव आणि कोलार्डच्या पाल्याची भाजी वाढून तिच्या सरावाच्या मुलाखती घेणाऱ्या, आणि ती चुकली की टेबलावर चमचा आपटणाऱ्याही त्याच.

ती तडक बाहेर गेली. मिस अर्नेस्टीन व्हरांड्यात एकट्याच उभ्या होत्या, चर्चला घालतात तो जांभळा सूट घालून.

"तुम्हाला माहीत होतं? निवड थांबवणार आहेत ते?"

"होतं."

"आणि तरी हो म्हणालात?"

"हळू बोल, पोरी. आत लोक बसलेत." त्यांनी नजर वळवली. "दोनदा बसले मी त्या मुलाखतीला. दोन्ही वेळा हात हलवत परत आले. आता ते माझ्या दारी आलेत. तुझं वय आहे अजून. तुला पुढे वेळच वेळ आहे."

"तुम्हालाही हेच सांगून परत पाठवलं होतं ना, दोन्ही वेळा?"

डेल्फीन उत्तराची वाट न बघता आत गेली.

कुलगुरूंनी तिची ओळख करून दिली आणि वर पुस्ती जोडली, "त्यांना काही जाहीर करायचंय." डेल्फीनने माइक जवळ ओढला. "मला माझी योजना सांगायची आहे," ती म्हणाली, आणि बोलत सुटली. पहिल्या रांगेत कुलगुरूंचा चेहरा आक्रसत गेला. भाषण संपलं. टाळ्या पडल्या, पण बेताच्याच.

"प्रश्न?"

मागून मिस अर्नेस्टीन उठल्या.

"प्रश्न कुलगुरूंना आहे," त्या म्हणाल्या. "काल तुम्ही मला हंगामी डीनपद देऊ केलंत. मी हो म्हटलं. तो होकार मी परत घेतेय. आता इथे, सगळ्यांसमोर सांगा, ही निवड पार पडणार आहे की नाही?"

कुलगुरू खाकरले.

"अर्थातच... पार पडणार."

सभा आटोपल्यावर डेल्फीन धावतच गाडीतळावर गेली. मिस अर्नेस्टीन गाडीत बसून होत्या, किल्ली हातातच. तिने काचेवर टकटक केली.

"आभारबिभार मानू नकोस," त्या काच खाली करून म्हणाल्या. "मला हवं होतं ते पद. अजूनही हवंय. आज तुझं तोंड बघवत नाहीये मला."

"बघू नका." डेल्फीन पलीकडचं दार उघडून शेजारी बसली. "मलाही तुमचा राग आलाय."

तिला उतर न म्हणता मिस अर्नेस्टीननी किल्ली फिरवली.

मे महिन्यात डेल्फीन डीन झाली. मिस अर्नेस्टीनना कुलगुरूंनी पुढे कुठल्याच समितीवर घेतलं नाही. नेमणुकीच्या समारंभाला त्या आल्या, शेवटच्या रांगेत बसल्या आणि जेवणाआधीच निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी त्यांचा फोन आला.

"भाषण लांबलं तुझं," त्या म्हणाल्या. "आणि त्या गणिताच्या विभागप्रमुखावर डोळा ठेव. फार हसत होता."

"हो, मिस अर्नेस्टीन," डेल्फीन म्हणाली, आणि खुर्ची ओढून ऐकायला बसली.