तूतीचा रंग

साहेब यंत्रं बघायला जर्मनीला निघाले आणि जाताना आपली तूती ज्योतीरामच्या हवाली करून गेले. कुमाऊंच्या डोंगरातल्या रानात धरलेलं चिमणीएवढं पाखरू. पण डोकं आणि छाती अशी लालबुंद, की पिंपरीतल्या ज्योतीरामच्या पत्र्याच्या राखाडी क्वार्टरलाही घरपण आलं.

"नीट सांभाळा. परत आलो की तुम्हाला कायम करायचं बघू," साहेब म्हणाले.

ज्योतीराम दोन वर्षं कंपनीच्या स्टोअरमध्ये हंगामी कारकून होता. हंगामी माणसाला हे काम आपलं नव्हे असं म्हणता येत नाही.

राळे, पाणी, कोवळं ऊन, सगळं वेळेवर झालं. पाखरू गातही होतं. पण नवरात्रात त्याची पिसं झडायला लागली आणि दिवाळीपर्यंत नवी आली ती तपकिरी.

कंपनीचा पहारेकरी, कुरुळीचा सोनबा, पिंजऱ्यात डोकावला. "भाऊ, ही तर आपली चिमणी हाय की! खरी कुटं इकली?"

"अहो, विकली नाही! तीच आहे ही!"

"व्हय, व्हय. मी न्हाई कुनाला सांगत," म्हणत सोनबा सांगायला गेला.

त्यातच तार आली: साहेब रविवारी पोचतात. शनिवारी त्याच्या बायकोने, कौशल्याबाईने, कुंकवाचा करंडा काढला. दरवर्षी आळीतल्या गौरींचे मुखवटे रंगवणारा हात तिचा.

"अहो, धरा नीट. पाखरू गप आहे, तुम्हीच हलताय."

रविवारी साहेब थेट क्वार्टरवर आले आणि पिंजऱ्यापुढे थबकले.

"कमाल केलीत! मी तर आशाच सोडली होती. पिंजऱ्यात एकदा पिसं झडली की हा लाल परत येत नाही, तपकिरीच होतात बिचारी. डोंगरातलं खाणं इथं कुठलं? तुम्ही काय घातलंत?"

म्हणजे तपकिरी चाललं असतं, हे ज्योतीरामला आत्ता कळलं.

"रा... राळे, साहेब."

"नुसते राळे? सगळं लिहून द्या मला. उद्या सकाळी तुमच्या कायमच्या ऑर्डरवर सही करतो."

सही उद्या होती. पाखराची आंघोळीची वेळ आत्ताची. ते पाण्याच्या वाटीत उतरलं आणि पंख फडफडवायला लागलं. पाणी गुलाबी होऊ लागलं, तसा ज्योतीराम हळूच पिंजऱ्याच्या आड सरकला.

"अहो, बाजूला व्हा जरा. आंघोळ करतंय ना, बघू द्या."

ज्योतीरामने साहेबांचा शब्द आजवर मोडला नव्हता. तो बाजूला झाला.