कुल्याशनं घातलेले डूल

अकबोता चहा ओतायला वाकली की तिच्या कानातले डूल हलायचे, आणि कुल्याशच्या जिवाला तेवढाच आधार वाटायचा. चांदी पार काळवंडलेली, खाली लाल काचेचा थेंब. उजवी काच कुल्याशच्या सासूच्या वेळची. डावी फुटली तेव्हा नवऱ्यानं होडीच्या लाल कंदिलाची काच घासून तिथं बसवली होती.

चार वर्षांपूर्वी कुल्याशनं आपल्या हातानं हे डूल अकबोताच्या कानात घातले. मुलाच्या आईनं डूल घातले की मुलगी त्या घरची. मग दुसरी बाई त्या कानाला हात लावत नाही. पण लग्नाआधीच कुल्याशचा मुलगा मार्देन अराल समुद्रावर मासेमारीला गेला. होडी सापडली, मार्देन नाही.

गावातली म्हातारी माणसं रीतीप्रमाणे मरणाची बातमी सांगायला आली, तर या बाईनं त्यांना चहा पाजून तोंड उघडायच्या आत वाटेला लावलं. "पोरगा माझा कुठंतरी किनाऱ्याला लागला असेल. रडायचं असेल तर आपापल्या घरी रडा!" आईनं म्हणायचा विलाप तिनं म्हटलाच नाही. तीन वर्षं! हट्ट तरी किती असावा माणसाला?

त्या दुपारी शेजारची उल्मेकेन आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "कझालीहून एक बाई आलीय, अकबोताला मागायला. मुलगा रेल्वेत आहे. डूल घेऊन पोरीच्या घरी बसलीय बिचारी, पण पोरीचे कान रिकामे कुठायत?"

"मग काढावेत की तिनं. मी काय हात धरलेत तिचे?"

"ती म्हणते, आपानं घातलेत, आपाच काढेल. सत्तावीस वर्षांची झाली ती, कुल्याश. तुझी उंटीण दोहण्यातच म्हातारी करायचीय का तिला?"

"तू आधी चालती हो!"

उल्मेकेन गेली. कुल्याशच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. डूल काढायचे म्हणजे मार्देन गेला, हे स्वतःच्या हातानं कबूल करायचं. न काढावेत, तर चांगली जितीजागती पोर आपल्या दारात सुकायची.

तेवढ्यात अकबोता दुधाची बादली घेऊन आत आली. डोळे सुजलेले. "आपा, त्या बाईला मी परत पाठवते."

"बस इथं."

उजवा डूल पटकन निघाला. डाव्याचा आकडा अडकला. कुल्याशनं तो हळूच फिरवला.

"दुखतंय?"

"नाही."

"खोटारडी."

अकबोतानं तिचा हात घट्ट धरला. "नका ना, आपा. तो आला तर काय सांगू मी त्याला?"

"येणार नाही तो," कुल्याश म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदा म्हणाली. आकडा सुटला. "जा आता. केस विंचर नीट. आणि उद्यापासून दूध काढायला उल्मेकेनला धाड. इतकी वर्षं माझा फुकट चहा ढोसतेय."

पोर बाहेर पडली. कुल्याशनं दोन्ही डूल मुठीत धरले, भिंतीकडे तोंड करून बसली आणि मार्देनचं नाव घेऊन तिनं विलाप सुरू केला. आवाज घोगरा, शब्द अडखळत होते, पण सगळ्या गल्लीला ऐकू गेला.

अकबोता विहिरीपाशीच थबकली आणि धावत मागं फिरली. उल्मेकेननं तिला वाटेतच अडवलं.

"तू घरी जा, पोरी. तुझ्याकडे आज पाहुणे आहेत," ती म्हणाली, आणि डोळे पुसत स्वतः कुल्याशच्या दारात शिरली.